मुशी, मोरी, पाकट: फलकावर काय लिहावं?

प्रश्न असा आला आहे : मुशी आणि मोरी एकच का? आणि मच्छीमार सोसायटीच्या फलकावर 'प्रोटेक्टेड शार्क्स अँड रेज' या इंग्रजी मथळ्याचं मराठी 'संरक्षित मुशी व पाकट' असं केलं तर चालेल का?

पहिल्याचं उत्तर, हो. शार्कला पालघर, मुंबई, रायगडकडे मुशी, तर मालवणीत आणि गोव्याच्या कोंकणीत मोरी. 'रे' माशांसाठी पाकट आणि वागळी ही जोडीही तशीच; सिंधुदुर्गात वागळी जास्त ऐकू येते. दोन्ही गटांना मिळून बोलीत एक शब्द नाही. 'उपास्थिमीन' कोशात ठीक, जेटीवर कुणाला कळायचा नाही.

दुसऱ्याचं उत्तर, नाही. मुशी हे बाजाराचं नाव आहे, कायदा जातीवर चालतो. कोळणीच्या पाटीत सर्वांत जास्त दिसणारी बारकी मुशी म्हणजे शास्त्रीय नावाने स्कोलिओडॉन. तोंड चपटं, फावड्यासारखं; लांबी सहसा पाऊण मीटरच्या आत; साधारण 35 सेंमीला ती वयात येते आणि 12 ते 15 सेंमीची जिवंत पिल्लं घालते. मोठ्या मुशीच्या मानाने ही वाढ फार झपाट्याची, म्हणून ती इतकी मासेमारी सोसते. पण डोल किंवा ट्रॉल जाळ्याच्या खोल्यात, म्हणजे टोकाच्या पिशवीत, तिच्याबरोबर मोठ्या जातींची पिल्लंही येतात आणि 'मुशी' म्हणूनच विकली जातात. त्यांना वयात यायला कित्येक वर्षं लागतात. फरक पाठीवर पाहावा. स्कोलिओडॉनचा पाठीवरचा पहिला पर (पोहायचा पंख) बराच मागे, पोटाच्या परांकडे सरकलेला असतो आणि दुसरा अगदी इवलासा असतो. काळ्या टोकाच्या मुशीच्या पिल्लाचा पहिला पर छातीच्या परांच्या वरच सुरू होतो, उंच आणि टोकदार. पिल्लांत टोकांचा काळेपणा फिका असू शकतो, म्हणून रंगावर जाऊ नये.

खरी गफलत रांजाची, म्हणजे गिटारफिशची होते. मागून पाहिलं तर मुशीच : शेपूट तशी, पाठीवर दोन पर. पुढून डोकं चपटं, त्रिकोणी. उलटा करून पाहावा. मुशीच्या कल्ल्यांच्या फटी मानेच्या बाजूंना असतात, रांजाच्या आणि पाकटाच्या पोटाकडून. रांजाची एक जात 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे 'मुशी समजून आणला' म्हणणाऱ्यालाही तो महागात पडू शकतो. करवत मासा ओळखायला कुणी चुकत नाही. मात्र त्याची करवत जाळ्यात इतकी गुंतते की जाळं कापल्याशिवाय तो सुटत नाही.

'शार्कवर बंदी आहे' हे वाक्यही सुटं फिरतं. जुलै 2001 मध्ये सगळ्याच मुशी-पाकटांना संरक्षण दिलं गेलं होतं. डिसेंबरात ते दहा जातींपुरतं ठेवलं. 2022 च्या दुरुस्तीने यादी बरीच वाढली; ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली. कायद्याच्या यादीबाहेरची मुशी धरायला, विकायला या कायद्याची आडकाठी नाही. पर कापून धड समुद्रात फेकणं मात्र 2013 पासून चालत नाही, पर अंगाला असतानाच मासा उतरवायचा. आणि परांची निर्यात 2015 पासून बंद आहे. फलकावर नुसतं 'मुशीला बंदी' लिहिलं तर रोजच्या धंद्याचा मासा विकणारी बाई विनाकारण घाबरते, आणि 'संरक्षित मुशी' लिहिलं तर कुठली, हे कुणालाच कळत नाही.

वर्तमानपत्रं 'व्हेल शार्क'ला देवमासा म्हणतात, तेही थांबायला हवं. देवमासा सस्तन, त्याची शेपटी आडवी; व्हेल शार्क मासा, त्याची शेपटी उभी. गुजरातच्या किनाऱ्यावर त्याला 'बॅरल' म्हणत, कारण भाल्याच्या दोराला पिंपं बांधून त्याची शिकार होई. त्याला वाचवण्याच्या 2004 च्या मोहिमेत तिथे 'व्हाली', म्हणजे लाडकी, हा शब्द रुजवला गेला : जणू बाळंतपणाला माहेरी आलेली लेक. गाव ज्याला हाक मारू शकतं असं नाव मिळालं की गोष्ट किती सोपी होते, याचं इतकं चांगलं उदाहरण मला दुसरं ठाऊक नाही. मराठीत तूर्त 'व्हेल शार्क' असंच लिहावं आणि खाली चित्र द्यावं.

फलकावर जातींची चित्रं हवीतच, त्यांच्याखाली स्थानिक नाव आणि एकेक खूण. मजकूर मी असा सुचवीन :

'व्हेल शार्क, करवत मासा, रांजा जाळ्यात आल्यास बोटीवर घेऊ नका. मोठ्या माशाला शेपटीला दोर बांधून ओढू नका. शेपटीकडून ओढला की कल्ल्यांतून पाणी नीट जात नाही. जाळं कापून सोडा, आधी फोटो व व्हिडिओ काढा. कापलेल्या जाळ्यापोटी शासनाकडून 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळते. पाकटाच्या शेपटीच्या काट्यापासून जपा. काटा लागल्यास जखम सोसेल तितक्या गरम पाण्यात धरा आणि डॉक्टरांकडे जा.'

सिंधुदुर्गातल्या फलकावर यातल्या 'पाकट'च्या जागी 'वागळी' टाकावं. रांजाचं नाव मात्र बंदराबंदराला बदलतं, तेव्हा आधी जेटीवर चित्र दाखवून विचारावं आणि तिथे जे सांगतील तेच छापावं.