दुर्बीण एक की दोन?

प्रश्न : आईचं वय ५४. वर्षभर लघवी करून उठली की तिचं डोकं ठणकतं, छातीत धडधडतं, दरदरून घाम येतो. दहा मिनिटांत सगळं शांत. आम्ही ‘बीपी आणि फार विचार’ म्हणत राहिलो. आता मूत्राशयाच्या भिंतीत अडीच सेंटिमीटरची गाठ निघाली, नाव पॅरागँग्लिओमा. एक डॉक्टर म्हणतात, दुर्बिणीने लगेच खरवडून काढू. दुसरेही दुर्बिणीनेच म्हणतात, पण आधी दोन आठवडे गोळ्या. दुर्बीण तीच, मग थांबायचं कशाला?
– एक वाचक, कराड

उत्तर : ताई, दुर्बीण तीच नाही. हा घोळ आम्हा डॉक्टरांच्या बोलण्याचा. दोन वेगळ्या ऑपरेशनांना आम्ही एकच शब्द वापरतो.

पहिली दुर्बीण लघवीच्या वाटेने आत जाते. मूत्राशयाचा नेहमीचा कॅन्सर आतल्या अस्तरातून उगवतो, त्याला ती ठीक. आईची गाठ अस्तराखाली, स्नायूत रुतलेली. वरून खरवडली तर बुडखा आतच राहण्याची भीती. शिवाय ही गाठ ॲड्रिनलिनच्या जातीची संप्रेरकं बनवते. लघवी करताना मूत्राशय आवळतो, गाठ दाबली जाते आणि ती संप्रेरकं रक्तात उतरतात. आईचं डोकं ठणकतं ते त्यामुळे, विचारांमुळे नव्हे. नुसत्या लघवीने एवढं होतं, तर करंट लावून खरवडल्यावर काय होईल! उमेदवारीच्या काळात अशी एक गाठ ओळखू न येता खरवडायला घेतलेली मी पाहिली आहे. मॉनिटरवर रक्तदाबाचा वरचा आकडा २४० झाला आणि भूलतज्ज्ञ ओरडले, ‘हात काढा!’ रुग्ण वाचला, पण तो आवाज अजून कानात आहे.

दुसरी दुर्बीण म्हणजे लॅपरोस्कोपी. पोटावर चार-पाच छोटी छिद्रं, आत कार्बन डायऑक्साइड भरून जागा करायची. गाठीला शक्यतो धक्का न लावता, भोवतालच्या थोड्या निरोगी भिंतीसकट ती कापून पिशवीत घालून बाहेर घ्यायची आणि मूत्राशय शिवायचा. टाके भरेपर्यंत, साधारण आठवडा-दहा दिवस, कॅथेटर. मूत्राशय थोडा लहान होतो. काही आठवडे लघवीला वारंवार जावं लागेल.

आता गोळ्या. प्राझोसिनसारख्या अल्फा ब्लॉकरने आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल होतात. सैल झालेल्या वाहिन्या भरायला सोबत पाणी भरपूर, आणि मीठही. हे ऐकून बीपीवाल्या घरात हमखास भांडण होतं, पण मीठ डॉक्टरांना विचारूनच वाढवा. ही तयारी नसेल तर गाठ निघताच रक्तदाब कोसळतो. धडधडीसाठी घरात बीटा ब्लॉकर असेल तर तो आपल्या मनाने आधी सुरू करू नका, त्याने रक्तदाब उलट भडकू शकतो. नाक चोंदलं तर घाबरू नका, औषध लागू पडतंय. अंथरुणातून मात्र एकदम उठू देऊ नका.

म्हणून थांबा, पण दोनच आठवडे. आणि एसडीएचबी जनुकाची तपासणी विचारून घ्या. त्यातल्या दोषामुळे अशा गाठी घराण्यात उतरू शकतात, म्हणून दोष सापडला तर तुमची आणि भावंडांचीही करावी लागेल. आईची मेटानेफ्रिनची (म्हणजे त्या संप्रेरकांपासून बनणाऱ्या, रक्तात किंवा लघवीत मोजता येणाऱ्या पदार्थाची) तपासणी पुढे दरवर्षी, गाठ पूर्ण निघाली तरी.