बोटं शेवटच्या स्वराकडून ठरवा

पियानोवर अवघड जागेचं फिंगरिंग, म्हणजे कोणता स्वर कोणत्या बोटाने वाजवायचा ते, ठरवताना पहिल्या स्वरापासून सुरुवात करू नका. तो तुकडा कुठे जाऊन पोहोचतो ते आधी पाहा, त्या स्वरावर कोणतं बोट हवं ते नक्की करा आणि तिथून मागे मागे या. अंगठा कुठे वळवायचा हा प्रश्न मग बराचसा सुटतो.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते लयीचं. संथ लयीत सोयीची वाटणारी बोटं पूर्ण वेगात टिकतीलच असं नाही, कारण हळू वाजवताना हाताला सरकायला वेळ मिळतो. म्हणून पाच-सहा स्वरच घ्या, ते शेवटी ज्या लयीत वाजवायचे आहेत त्याच लयीत वाजवून पाहा आणि मगच पेन्सिलीने बोटांचे आकडे (अंगठा १ ते करंगळी ५) लिहा. मनगट पिळवटत असेल तर दुसरा पर्याय शोधा.

काळ्या पट्टीवर अंगठा नको, हा नियम सुरुवातीच्या स्केलपुरता (ओळीने चढत्या-उतरत्या स्वरांच्या सरावापुरता) ठीक आहे; पुढे असे नेहमीचे नियम मोडावेही लागतात. संगीतकार शोपाँने ओपस १० या संचातल्या दुसऱ्या एट्यूडमध्ये (सरावरचनेत) उजव्या हाताची क्रोमॅटिक धाव, म्हणजे काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्यांवरून ओळीने जाणारी धाव, तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या बोटावरच सोपवली आहे. तिथे लांब बोटं करंगळीवरून ओलांडून जातात! छापील आकडे जरूर वाजवून बघा, पण ते लिहिणाऱ्या संपादकाचा हात तुमच्यापेक्षा मोठा असू शकतो. जमेल तिथे एखादा स्वर बेलाशक दुसऱ्या हाताला द्या.

एकदा ठरलेली बोटं मात्र रियाजात रोज बदलू नका. हाताला दोन सवयी लागल्या की तो ऐन वेगात अडखळतो.