'ईक' : कवितेतला एक आणि कोशातला दुसरा

प्रश्न असा आहे: जॉन गिल्पिनवरच्या जुन्या इंग्रजी कवितेत 'अ ट्रेनबँड कॅप्टन ईक वॉज ही' अशी ओळ येते. कोशात 'ईक आउट' म्हणजे कसाबसा उदरनिर्वाह करणे, असं दिलंय. ते इथे बसवायचं कसं?

बसवायचंच नाही. कवितेतला 'ईक' हे क्रियापद नव्हे, अव्यय आहे. मराठीत त्याला वेगळा शब्दही लागत नाही, 'ही' लावला की काम झालं: तो लंडनच्या नागरी सैन्यात कप्तानही होता. जर्मन 'आउख' आणि डच 'ओक' हे त्याचे भाऊबंद 'सुद्धा' या अर्थाने आजही रोजच्या बोलण्यात आहेत. इंग्रजीत मात्र 'ऑल्सो' आणि 'टू' यांनी त्याला हुसकावलं. चौदाव्या शतकात कवी चॉसर तो अगदी सहज लिहितो. शेक्सपिअरकडे येईपर्यंत तो त्याच्या नाटकांतल्या पिस्टलसारख्या बढाईखोराच्या तोंडी जाऊन बसला होता. विल्यम कूपरने १७८२ साली गिल्पिनची फजिती लिहिली ती जुन्या गाथागीताच्या थाटात. नायक कापडाचा दुकानदार आणि भाषा वीरांची! तो 'ईक' मुद्दाम शिळा वापरलेला आहे.

कोशातला 'ईक' म्हणजे वाढवणे, भर घालणे. लॅटिन 'आउगेरे' आणि आपला 'ओजस्' त्याच धातूचे. (संस्कृत 'एक'शी मात्र काही नातं नाही.) वरच्या अव्ययालाही सहसा याच कुळात धरतात. 'ईक आउट'चा मूळ अर्थ, कमी पडणाऱ्या वस्तूत दुसरं काही घालून ती पुरवणे. अचानक पाहुणे आले की आमटी 'वाढवतात', तसं. म्हणून काटेकोर मंडळी म्हणत, तुटपुंजा पगार शिकवण्या घेऊन 'ईक आउट' करता येतो, उदरनिर्वाह नाही. त्यांचं कुणी ऐकलं नाही, आणि आता तो वाद उकरण्यात अर्थही नाही.

खरी मजा 'निकनेम'मध्ये आहे. मूळ शब्द 'ईकनेम', म्हणजे जोडीचं, जादा नाव. 'अॅन ईकनेम' भरभर म्हणताना 'अ नीकनेम' ऐकू आलं, 'अॅन'मधला न पुढच्या शब्दाला कायमचा चिकटला. 'न्यूट' या पाणपालीचंही तेच झालं, आधी ती 'ईव्ट' होती. उलटही घडलं: 'नेप्रन'चा 'एप्रन', 'नॅडर' सापाचा 'अॅडर', 'नूम्पेअर'चा क्रिकेटमधला 'अंपायर'. 'ऑरेंज' याच यादीत घालायचा मोह होतो. संस्कृत 'नारंग' फारसी-अरबीतून युरोपात गेला आणि स्पॅनिश 'नारांहा'ने तो 'न' जपलाही. पण इंग्रजीत शब्द आला तो 'न' आधीच गाळून, त्यामुळे तो दोष इंग्रजांच्या माथी मारता येत नाही.

आणि हो, मधमाशीपालक अजूनही 'ईक' म्हणतात: पोळ्याची जागा वाढवायला पेटीला जोडायच्या चौकटीला.