महिनाभराचा कोरडा खोकला: आधी बाबांच्या गोळ्यांचा डबा उघडा

ताई, बाबांना महिनाभर कोरडा खोकला, ताप नाही, कफ नाही, पण छाती आवळून येते, आणि सिरपच्या दोन बाटल्या संपूनही फरक नाही, असं लिहिलंय तुम्ही. मी डॉक्टर नाही. इंदूरच्या दवा बाजारात आयुष्य गेलं, त्या जोरावर लिहितो.

जिना चढताना छाती दाटून थांबल्यावर सुटते का? कळ डाव्या हातात, जबड्यात जाते का, घाम फुटतो का? मग खोकला राहू द्या, आधी हृदय तपासून घ्या. बसूनही छाती सुटत नसेल तर सरळ १०८ ला फोन. गॅस असेल म्हणून ओवा चघळत बसू नका.

तसं नसेल तर गोळ्यांचा डबा उघडा. बीपीसाठी रॅमिप्रिल, एनालाप्रिल अशी शेवटी ‘प्रिल’ असलेली गोळी आहे का? तिच्याने कोरडा खोकला लागतो, कधी सुरू केल्यावर कित्येक महिन्यांनी, म्हणून संशयच येत नाही. मनाने बंद करू नका. डॉक्टर टेल्मिसार्टनसारखी दुसरी देतात. खोकला बहुधा १ ते ४ आठवड्यांत जातो, क्वचित ३ महिनेही लागतात. काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब चालू असतील तर तेही सांगा. दम्याची प्रवृत्ती असेल तर डोळ्यांतल्या त्या थेंबांनीही श्वासनळ्या आवळतात.

‘प्रिल’ने छाती सहसा आवळत नाही. त्यामुळे माझा संशय दम्यावर जास्त आहे. छातीत शिट्टी न वाजता नुसता खोकत राहणारा दमाही असतो: पहाटे जाग येते, उदबत्तीच्या धुराने, गार वाऱ्याने, अगदी हसल्यानेही उबळ येते. यासाठी स्पायरोमेट्री, म्हणजे यंत्रात फुंकून श्वासाची तपासणी करतात. एकदा फुंकायचं, मग औषध ओढून थोड्या वेळाने पुन्हा. औषध ओढायचा पंप (इनहेलर) दिला तर ‘सवय लागेल’ म्हणून नाही म्हणू नका. श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या साल्बुटामॉलची गोळी २ किंवा ४ मिलिग्रॅमची, पंपाचा एक झोत १०० मायक्रोग्रॅमचा. म्हणजे पंपातून औषध कितीतरी कमी जातं, हिशेब तुम्हीच करा!

आणि बाबा सराफ्यातून, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊगल्लीतून, गराडू (तळलेला कंद) खाऊन आले की लगेच आडवे होत असतील, तर पित्त वर येऊनही खोकला होतो. जेवण आणि झोप यांत ३ तास जाऊ द्या.

खोकला २ आठवड्यांपेक्षा जास्त टिकला की टीबीची तपासणी करतातच. एक्स-रे अजून काढला नसेल तर उद्याच काढून घ्या, आणि डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांचा डबा अख्खा बरोबर न्या.