ओळंबा: पितळी भोवऱ्यासोबत ती चकती कशाला?

प्रश्न असा आहे: जुन्या हत्यारांच्या पेटीत भोवऱ्यासारखं एक जड पितळी वजन सापडलं. त्याच्या डोक्यातून दोरी निघते आणि त्याच दोरीत, मधोमध भोक असलेली एक लाकडी चकती सैल ओवलेली आहे. हे खेळणं आहे, टकळी आहे की तराजूचं वजन? आणि याला मराठीत 'लंबक' म्हणायचं का?

हा गवंड्याचा ओळंबा आहे, म्हणजे भिंत सरळ उभी आहे का ते तपासायचं हत्यार. टकळीत चकती दांडीवर घट्ट बसलेली असते, इथे ती दोरीवर वरखाली सरकते. खेळातल्या भोवऱ्याला खाली आर (लोखंडी टोक) आणि अंगावर जाळी (फिरवायची दोरी) गुंडाळायच्या खाचा असतात. ओळंब्याचं अंग गुळगुळीत असतं आणि दोरी डोक्याच्या बरोबर मध्यातून निघते. ओळख पक्की करायची तर चकती वजनावर ठेवून पाहा. चकतीचा व्यास आणि वजनाच्या सर्वांत रुंद भागाचा व्यास एकच असायला हवा. चकती चौकोनी असेल तर तिची बाजू त्या व्यासाइतकी भरेल. सगळं हत्यार या एका मापावर चालतं.

चकतीची कड भिंतीला वर टेकवली की दोरी भिंतीपासून चकतीच्या निम्म्या व्यासावर येते. खाली वजनाचा मध्यही भिंतीपासून तितक्याच अंतरावर आला, तर भिंत ओळंब्यात आहे. चकती नसती तर वजनाच्या जाडीमुळे दोरी भिंतीला चिकटून सरळ लोंबलीच नसती. खाली फट दिसली तर भिंत वरून आपल्या अंगावर आलेली आहे. वजन भिंतीवर रेलून बसलं तर ती वर मागे गेलेली आहे. नवशिक्याची चूक इथेच होते. 'टेकला म्हणजे सरळ' असं तो धरून चालतो, पण मागे झुकलेल्या भिंतीलाही वजन टेकतंच. म्हणून चकती भिंतीपासून कागदभर सुटी धरावी आणि खालीही तेवढीच फट दिसते का, ते बघावं. भिंतीच्या एका अंगाला धरलेला ओळंबा त्याच एका दिशेचा झोक सांगतो. कोपरा किंवा खांब असेल तर लगतच्या दोन्ही अंगांना लावावा लागतो.

आता शब्दाकडे. संस्कृत 'अवलंब' म्हणजे खाली लोंबणं, टांगणं. प्राकृतात 'अव'चा 'ओ' होतो. लवणाचं लोण झालं, नवनीताचं लोणी झालं, तसं अवलंबाचं ओलंब झालं. दोन स्वरांमध्ये सापडलेला एकटा 'ल' मराठीत 'ळ' होतो, जसं फल-फळ, काल-काळ, माला-माळ. तसा हा ओळंबा. 'लंब'मधला 'ल' शब्दाच्या सुरुवातीला असल्यामुळे बदलला नाही, त्याच कारणाने 'लांब'मध्येही 'ल'च राहिला. 'अवलंबून' आपण संस्कृतातून जसाच्या तसा उचलला, म्हणून त्याचा ळ झाला नाही. एखादी गोष्ट दुसरीवर अवलंबून असते आणि ओळंबा दोरीला लोंबतो, या दोन्हींचं मूळ एकच आहे. 'ओळ' आणि 'लांब' मिळून ओळंबा झाला, ही फोड ऐकायला गोड वाटते, पण ती चूक आहे. विटांची ओळ आडवी, तिला सूत लावतात. ओळंब्याचं काम उभं.

इंग्रजी 'प्लंब' लॅटिनमधल्या शिशाच्या नावावरून, 'प्लंबम'वरून आला. तिकडे नाव धातूवरून पडलं, मराठीत क्रियेवरून पडलं. मराठी नाव मला जास्त नेमकं वाटतं, कारण वजन पितळेचं असो की लोखंडाचं, लोंबणं तेच राहतं.

'लंबक' मात्र इथे म्हणू नये. लंबक घड्याळाचा, तो हलत राहिला तरच कामाचा. ओळंबा थांबला तरच कामाचा. 'लंब' हा भूमितीतला शब्दही याच्या जागी चालत नाही. उतरत्या छपरावर लंब टाकता येतो, पण तो ओळंब्यात नसतो. ओळंबा दाखवतो ती फक्त उभी रेषा. आडव्या पातळीला पाणसळ आणि काटकोनाला गुण्या, अशी ही तीन वेगळी हत्यारं आणि तीन वेगळे शब्द आहेत. बोलताना ओळंबा लावतात, सोडतात, धरतात. भिंत 'ओळंब्यात' असते किंवा 'ओळंब्याबाहेर' जाते. ओळखीची वळख होते तसा बोलीत 'वळंबा'ही ऐकू येतो, त्याला अशुद्ध म्हणायचं कारण नाही.

सापडलेला ओळंबा वापरायचा असेल तर आधी चकती मोजा. लाकूड झिजतं, आकसतं. व्यास 2 मिलिमीटरने कमी झाला असेल तर दोरी वर 1 मिलिमीटर आत येते आणि भिंत तेवढी आपल्याकडे झुकते. एकदाच पाहिलं तर हा फरक 3 मीटर उंचीलाही 1 मिलिमीटरच राहतो. पण दर 30 सेंटिमीटरला नुकत्याच रचलेल्या थराशी ताडून पुढचा थर लावत गेलात, तर चूक साठत जाते आणि 3 मीटरला 1 सेंटिमीटर भरते. म्हणून चकती कितीही वर गेली तरी वजन पायथ्याच्या थराशीच आणावं.

मग वजन टांगून हलकेच फिरवा. खालचं टोक जागीच फिरलं तर ठीक, बारीक वर्तुळ काढू लागलं तर दोरी मध्यातून निघत नाही. गाठ बहुधा डोक्याच्या एका बाजूला सरकलेली असते, ती भोकाच्या मध्यात आणून पुन्हा मारावी. पिळाची दोरी उलगडताना वजन गरगर फिरतं, त्यासाठी वेणीसारखी विणलेली दोरी घ्यावी. वाऱ्यात वजन थांबतच नसेल तर ते पाण्याच्या बादलीत बुडवून लोंबू द्यावं, झोके लवकर मरतात. मात्र ते बादलीच्या तळाला किंवा कडेला लागता कामा नये, आणि माप तेव्हा दोरीपासून घ्यावं.