हॉलमधला एक पॅनल लाइट दहा मिनिटांनी फडफडून बंद पडतो, सगळं वायरिंग बदलावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकच्या इंदिरानगरला शेवटच्या मजल्यावर फ्लॅट, हॉलच्या पीओपीत एकाच बटणावर १५ वॉटचे चार गोल एलईडी पॅनल. त्यातला एक दहा-पंधरा मिनिटं नीट चालतो, मग फडफडतो, मग विझतो आणि काही वेळाने आपला आपण परत लागतो. शिवाय रात्री बटण बंद केलं तरी चारही पॅनल मिणमिणत राहतात. वायरमन म्हणतो, हॉलचं वायरिंगच नवीन ओढू.

इतक्यात ओढू नका. मी अंबडच्या एमआयडीसीत कंट्रोल पॅनलचं वायरिंग तपासते. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून मला हे दोन वेगवेगळे दोष दिसतात आणि तुमच्या वायरमनने दोन्हींची एकच मोळी बांधली आहे.

आधी फडफडणारा घ्या. बाकीचे तीन व्यवस्थित चालताहेत, म्हणजे बटणापर्यंतची लाइन, एमसीबी (बिघाड झाला की आपोआप पडणारा स्विच), मीटर यांच्यावर संशय घ्यायचं कारणच नाही. जी काही भानगड आहे ती पीओपीतल्या त्या एका पॅनलच्या भोकाच्या वर. ‘तापलं की बंद, गार झालं की चालू’ हे लक्षण बहुतेक वेळा ड्रायव्हरचं असतं. पॅनलच्या मागे वायरला लटकणारी छोटी पांढरी डबी म्हणजे ड्रायव्हर. हे पॅनल थेट २३० व्होल्टवर चालत नाहीत. ही डबी एसीचं डीसी करून मोजून-मापून करंट सोडते. तिच्यातला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) उष्णतेने आटत जातो. ढोबळ हिशेब असा की तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्म्यावर येतं. नाशिकच्या हवेचं आपण कितीही कौतुक केलं तरी एप्रिल-मेमध्ये शेवटच्या मजल्याचा स्लॅब संध्याकाळनंतरही तापलेला असतो, आणि स्लॅब व पीओपीच्या मधल्या बंद पोकळीत ही डबी पडून असते. मग ती लवकर जाते यात नवल नाही.

पण अंदाजावर पैसे घालू नका, अदलाबदल करून बघा. त्याआधी मेन स्विच बंद करा आणि इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा. लोक नेमकं हेच विसरतात: एमसीबी पाडला तरी इन्व्हर्टरवरच्या लाइटला करंट येत राहतो. टेस्टर आधी चालू सॉकेटमध्ये लावून तो पेटतो ना हे पाहून घ्या, मगच त्याच्यावर भरवसा ठेवा.

शिडीवर चढलात की पॅनलची कड एका बाजूने हळूच खाली ओढा. दोन्ही बाजूंना स्प्रिंगच्या क्लिपा असतात; पॅनल सुटतानाच त्या फाटकन मिटतात आणि बोट मध्ये सापडलं तर चांगलंच कळवळायला होतं. दोन बोटांनी क्लिप वर दाबून धरायची, मग पॅनल उतरवायचा. डोळ्यांत पीओपीचा भुगा पडतो, म्हणून चष्मा लावा. वर ड्रायव्हरपासून आलेली वायर पॅनलच्या वायरला एका छोट्या गोल जॅकने जोडलेली दिसेल. तो जॅक ओढून सोडवा. शेजारचा चांगला पॅनलही तसाच उतरवा आणि दोन्हींच्या जागा बदला. पॅनल बदलायचे, ड्रायव्हर जिथल्या तिथेच ठेवायचे. यात २३० व्होल्टच्या जोडाला हात लावावाच लागत नाही.

एक पथ्य मात्र पाळा: जॅक आधी पक्का बसवायचा, मगच मेन चालू करायचा. वर लाइन चालू असताना मोकळ्या ड्रायव्हरला पॅनल जोडला, तर त्यात साठलेला जादा व्होल्टेज एकदम एलईडीवर जातो आणि चांगला पॅनलही उडू शकतो. दुकानातसुद्धा घाईत असं करताना मी पाहिलंय.

आता अर्धा तास लाइट चालू ठेवा. दोष पॅनलसोबत नव्या जागी गेला तर पॅनलच खराब. नवीन आणा, विषय संपला. दोष जुन्या भोकातच राहिला तर ड्रायव्हर किंवा त्याच्या आधीचा जोड. परत मेन बंद करून तो जोड नीट बघा. पीओपीवाले घाईत असले की दोन वायरी पिळून वर टेप गुंडाळतात. टेप वितळलेली असेल, तांब्याचं टोक काळं पडलं असेल, तर लूज कनेक्शन. तेही तापल्यावर असंच त्रास देतं. तो जोड मात्र वायरमनकडून कनेक्टर लावून करून घ्या. जोड स्वच्छ असेल तर ड्रायव्हर बदला.

ड्रायव्हर घेताना दुकानदाराला नुसतं ‘१५ वॉटचा द्या’ म्हणू नका. जुनी डबी सोबत न्या आणि आउटपुटचा मिलिअँपिअरचा आकडा जुळवा. समजा ३०० लिहिलंय, तर नवीनही ३००चाच हवा, आणि व्होल्टेजची रेंजही जुन्याशी जुळली पाहिजे. जास्त करंटचा बसवला तर लाइट झकास पडेल, पण पॅनल तापून लवकर जाईल.

आता रात्रीचं मिणमिणणं. चारही मिणमिणतात, म्हणजे कारण सामायिक आहे, आणि म्हणून याचा त्या फडफडीशी संबंध नाही. पहिल्यांदा बटण बघा. त्यात लाल इंडिकेटर असेल, तर त्याच्यातून जाणारा बारीकसा करंटही एलईडीला पुरतो. साधं बटण लावलं की काम झालं. इंडिकेटर नसेल तर बटण फेजऐवजी (करंट आणणाऱ्या वायरीऐवजी) न्यूट्रलवर (परतीच्या वायरीवर) बसलं असण्याची शक्यता मोठी. इन्व्हर्टर नंतर बसवला असेल तर त्या वेळी ही उलटापालट झालेली असू शकते. हे दिसायला किरकोळ, पण धोका यातच आहे: बटण बंद असतानाही वर फेज जिवंत राहतो आणि पुढे लाइट बदलायला चढलेल्या माणसाला शॉक बसतो. वायरमनकडून बटण बंद ठेवून ड्रायव्हरच्या इनपुटला मल्टिमीटरने तपासून घ्या. नुसत्या टेस्टरवर जाऊ नका, शेजारून जाणाऱ्या वायरीच्या इंडक्शननेही तो थोडा पेटतो. दुरुस्ती बोर्डात किंवा डीबीत (एमसीबीच्या पेटीत) दोन वायरी जागेवर आणण्याची आहे, हॉलभर वायर ओढण्याची नाही.

दोन गोष्टी दिसल्या तर मात्र शिडी लावूच नका. एक, पावसाळ्यात स्लॅब झिरपून त्या भोकाभोवती ओल किंवा डाग आला असेल. दुसरी, मिक्सर किंवा मोटर लावल्यावर घरातले काही लाइट मंद आणि काही भगभगीत होत असतील. तो मेन न्यूट्रल सुटत असल्याचा प्रकार आहे; तीन फेजच्या बिल्डिंगमध्ये अशा वेळी घरात २३०च्या जागी ४००च्या आसपास व्होल्ट येऊ शकतात. मेन पाडा आणि लगेच वायरमनला बोलवा.

एवढं करूनही तो वायरिंग बदलण्यावरच अडून बसला, तर त्याला मेगर (वायरीचं इन्सुलेशन मोजायचं यंत्र) लावायला सांगा. ५०० व्होल्टला इन्सुलेशन एक मेगाओहमच्या खाली आलं, तर त्याचं म्हणणं खरं, वायर बदला. मेगरच नसेल तर दुसरा वायरमन शोधा.