पहिल्या सत्राची प्रोग्रामिंग लॅब

ठाणे, गुरुवार

सप्रेम नमस्कार.

पहिल्या वर्षाचा सी प्रोग्रामिंगचा विषय तुझ्याकडे आल्याचं कळलं. ‘सोपा आहे’ म्हणून हा विषय बहुतेक ठिकाणी नव्या माणसाच्या गळ्यात घालतात. सिलॅबस तुला पाठ आहे, म्हणून पॉइंटर कसे शिकवावेत यावर मी काही लिहीत नाही. लिहितो ते तजविजीबद्दल. या विषयात मुलं अडकणारच. ती पाच मिनिटं अडकतात की पाच दिवस, हे मात्र तुझ्या हातात आहे.

सत्र सुरू होण्याच्या आठवडाभर आधी लॅब असिस्टंटना गाठ. प्रत्येक मशिनवर विद्यार्थ्याच्या लॉगिनने एक चार ओळींचा प्रोग्राम लिही, सेव्ह कर, कंपाइल कर, चालव. ॲडमिनच्या लॉगिनने सगळंच चालतं. विद्यार्थ्याला त्या फोल्डरमध्ये लिहायची परवानगीच नाही, हे पहिल्या प्रॅक्टिकलला वीस जणांसमोर कळू नये. कधीकधी अँटिव्हायरस नुकतीच तयार झालेली फाइल संशयाने उचलून बाजूला टाकतो, तेही आधीच बघून घे. रीस्टार्ट केलं की मशिन पूर्ववत होईल अशी सोय काही लॅबमध्ये असते. तसं असेल तर उठण्याआधी फाइल स्वतःला मेल करायची, हा नियम पहिल्या दिवसापासून लाव. पेनड्राइव्ह बंदच ठेव. एकाचा व्हायरस दुपारपर्यंत अख्ख्या लॅबचा होतो. वीसच्या बॅचला बावीस मशिन चालू असायला हवीत.

लॅबमध्ये अजून टर्बो सी हा जुना कंपायलर (लिहिलेला प्रोग्राम मशिनच्या भाषेत बदलणारं सॉफ्टवेअर) असेल तर ते काढून टाकण्यासाठी भांड. त्यात इंट (पूर्ण संख्या ठेवायचा प्रकार) सोळा बिटांचा, म्हणजे कमाल ३२७६७. आठचं फॅक्टोरियल (एक ते आठचा गुणाकार) ४०३२०. स्क्रीनवर येतं उणे २५२१६. तोच प्रोग्राम घरी जीसीसी या आजच्या कंपायलरवर बारापर्यंत बरोबर चालतो. मुलाला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. (तेराचं उत्तर जीसीसीवरही चुकतं, पण ते धन येतं, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) विचारायला छान प्रश्न आहे.) घरी कोडब्लॉक्स (प्रोग्राम लिहायचं सॉफ्टवेअर) टाकताना निम्मी मुलं कंपायलर नसलेली फाइल उतरवतात. नावात ‘मिंगडब्ल्यू’ (mingw) असलेलीच घ्या, हे फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिही.

पहिल्याच आठवड्यात चिठ्ठीवर विचार: घरी लॅपटॉप आहे का? वर्गात हात वर करायला लावू नकोस. ज्यांच्याकडे फक्त मोबाइल आहे त्यांच्यासाठी आठवड्यातून दोन तास लॅब उघडी ठेवायची लेखी परवानगी विभागप्रमुखांकडून घे. तोंडी परवानगी किल्ली ठेवणाऱ्यापर्यंत पोचत नाही. वेळ दुपारची ठेव. ऐरोलीला कॉलेजात येणारी तुझी बरीच मुलं बदलापूर-डोंबिवलीकडून ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बर लोकल पकडतात. संध्याकाळी पाचनंतर थांबायला सांगितलं तर तीच थांबणार नाहीत ज्यांना गरज आहे. सबमिशनची वेळ सकाळी नऊची ठेवू नकोस, तीही याच कारणाने. जुलै-ऑगस्टच्या पावसात लोकल रखडली की अर्धा वर्ग ‘लेट’ ठरतो. गणपतीत कोकणात जाणाऱ्यांचा आठवडा कोराच धर आणि त्या आठवड्यात नवा भाग सुरू करू नकोस. सत्रभरासाठी प्रत्येकाला उशिरा सबमिशनच्या दोन सवलती दे, प्रत्येकी ४८ तासांची, कारण न विचारता. मग मेडिकल सर्टिफिकेटं गोळा करण्यात तुझा वेळ जात नाही आणि कोणाला खोटं बोलावं लागत नाही.

प्रवेशाच्या शेवटच्या फेऱ्यांमधून आलेली मुलं तीन-चार आठवडे उशिरा वर्गात बसतात, आणि तोवर तू लूपवर पोचलेली असतेस. त्यांना ‘मित्राची वही घे’ म्हणणं म्हणजे सोडून देणं. पहिली दोन प्रॅक्टिकलं चौथ्या आठवड्यात त्या मोकळ्या दोन तासांत पुन्हा घे, फक्त त्यांच्यासाठी.

आता प्रॅक्टिकलचे दोन तास. वीस जणांची जर्नलं (प्रॅक्टिकलच्या वह्या) पाच-पाच मिनिटं तपासलीस तर १२० पैकी १०० मिनिटं सह्यांत गेली. जर्नलं महिन्यातून एकदा गोळा करून केबिनमध्ये तपास. लॅबमध्ये चालता प्रोग्राम बघ आणि एक बदल करायला सांग: ‘हेच उलट क्रमाने छापून दाखव.’ माणशी दोन मिनिटं, म्हणजे चाळीस मिनिटांत बॅच होते. नक्कल किंवा चॅटजीपीटीकडून आणलेला कोडही यातच उघडा पडतो. आरोप करावा लागत नाही. ज्याला बदल जमला नाही त्याला रागावू नकोस. गुण राखून ठेव आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलाव.

उरलेल्या वेळात मदतीला दुसऱ्या वर्षाची दोन मुलं घे. टॉपर नकोत. पहिल्या वर्षी अडखळून सावरलेली घे. कुठे ठेच लागते ते त्यांना आठवत असतं. अट एकच: कीबोर्डला हात लावायचा नाही. बोट दाखवा, प्रश्न विचारा, पण टाइप शिकणाऱ्यानेच करायचं. ही अट दर आठवड्याला मोडली जाईल, दर आठवड्याला आठवण दे.

नेहमीच्या चुका मराठीत लिहून भिंतीवर लाव. स्कॅनएफमध्ये (इनपुट वाचणाऱ्या फंक्शनमध्ये) व्हेरिएबलआधीचं अँपरसँड (&) राहिलं की प्रोग्राम मध्येच कोसळतो. अक्षर वाचताना आधीचा एंटर उचलला जातो; पर्सेंट सीच्या (%c) आधी एक मोकळी जागा सोडली की काम होतं. तापमानाच्या सूत्रात सुरुवातीलाच ५/९ लिहिलं की उत्तर कायम शून्य, कारण दोन्ही पूर्णांक, ५.०/९ लिहा. फॉरच्या कंसानंतर अर्धविराम पडला की लूप रिकामाच फिरतो. ‘परमिशन डिनाइड’ आलं तर बहुधा आधीचा प्रोग्राम मागच्या खिडकीत चालूच आहे, तो बंद करा. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना सी कठीण जात नाही, एररचं इंग्रजी कठीण जातं. आणि सगळ्यांनाच सांग, पहिली एरर आधी वाचा. खालच्या तीसेक बऱ्याचदा तिचीच पिल्लं असतात.

व्हॉट्सॲप ग्रुपवर स्क्रीनचा तिरका फोटो आणि ‘मॅडम, होत नाहीये’ एवढंच येईल. तीन गोष्टी लिहिल्याशिवाय उत्तर नाही असं ठरव: काय करायला गेलो, काय यायला हवं होतं, काय आलं. हे लिहितानाच पुष्कळांना चूक सापडते. रात्री नऊनंतर तू उत्तर देणार नाहीस हेही पहिल्याच दिवशी सांग. नाहीतर सबमिशनच्या आदल्या रात्री एक वाजता तुझा फोन वाजेल.

चौथ्या आठवड्यात पंधरा मिनिटांची कागदावरची चाचणी घे. पाच छोटे प्रोग्राम, प्रत्येकाचं आउटपुट काय ते लिहायचं. गुण टर्मवर्कला (सत्रभराच्या कामाच्या गुणांत) धरू नकोस, नाहीतर नक्कल होईल. पाचपैकी दोन किंवा कमी आलेल्यांना एकेकटं केबिनमध्ये बोलाव, वर्गात नावं वाचू नकोस. ज्याची लागोपाठ दोन प्रॅक्टिकलं बुडली त्याला त्याच दिवशी फोन कर. ७५ टक्क्यांहून कमी हजेरीवाल्यांची डिफॉल्टर लिस्ट लागेपर्यंत थांबलीस तर ॲरे संपून फंक्शन सुरू झालेली असतात, आणि त्या मुलाने मनातल्या मनात केटी (विषय राहणं, पुन्हा परीक्षा देणं) धरून टाकलेली असते.

टाइमटेबल अजून कच्चं असेल तर एक मागणी आजच कर. प्रॅक्टिकल त्या-त्या विषयाच्या लेक्चरनंतर यावं, निदान दुसऱ्या दिवशी. चारपैकी एका बॅचचं तरी उलटं पडतंच. कोणत्या बॅचचं, ते मला कळव. त्या बॅचसाठी पहिली तीन प्रॅक्टिकलं वेगळ्या क्रमाने लावावी लागतील.

तुझा,
जुना सर